पिंजऱ्यावरचं वर्षश्राद्ध

"मॅडम, त्ये बटन तुमच्या फोनात हाय न्हवं?"

सोपान आप्पांनी होडी काठाला लावता लावताच विचारलं. माझी एक चप्पल चिखलात रुतली होती, दुसरी हातात होती, आणि मी पहिली कशी काढावी या विवंचनेत उभी होते.

"कुठलं बटण, आप्पा?"

"मासं वर आनायचं."

मासे वर आणायचं बटण असं काही नसतं, हे मी त्यांना सांगणार होते. पण विचार केल्यावर वाटलं, म्हातारा चुकत नाहीये. नवी निमसरी हे धरणाच्या काठावरचं भोयांचं गाव. तिथे मी नोकरीला लागले तेव्हा धरणाच्या पाण्यात तरंगते पिंजरे टाकून चिलापी मासे वाढवायचं काम नुकतंच सुरू झालं होतं. पिपांवर तरंगणारी चौकट, तिच्याखाली सोडलेलं जाळं आणि जाळ्यात मासे, असा तो पिंजरा. पूर्वी लोक बादलीने खाद्य ओतत. निम्मं मासे खात, निम्मं तळाशी जाऊन कुजे आणि पाणी नासवी. म्हणून आमच्या साहेबांनी एका पिंजऱ्यावर यंत्र बसवलं होतं. खांबावर खाद्याचा डबा, त्याखाली मोटर. मी फोनवरून हुकूम दिला की मोटर घर्र वाजायची आणि दाणे चौफेर उडायचे. मासे वर येतात तोवर द्यायचं, खाली गेले की थांबायचं. साहेब पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकत आणि यंत्राचे गोडवे गात. मी निमसरीत बसून फोनला रेंज शोधत असे.

पण माशांनी यंत्राला आमच्याआधी आपलंसं केलं होतं. दाणा पडायच्या आत, नुसत्या घर्र आवाजाला सगळा पिंजरा उकळी फुटल्यासारखा वर यायचा. माणसाने हाताने टाकलेल्या भाकरीकडे मात्र ते ढुंकून बघत नसत.

"हाय की न्हाय?" आप्पांनी पुन्हा विचारलं.

"आहे. का?"

आप्पा खाली उतरले. होडीच्या पलीकडे त्यांची बायको इठाआई जाळ्याच्या गाठी सोडवत पाठमोरी बसली होती. तिच्याकडे बघून त्यांनी आवाज बारीक केला.

"नवनाथचं वर्षश्राद्ध हाय परवा. पिंड पिंजऱ्यात सोडावा म्हनतो."

नवनाथ हा त्यांचा थोरला मुलगा. आदल्या वर्षी वादळात होडी उलटून गेला. त्याच्या दहाव्याची गोष्ट मी गावात आल्यापासून दहा तोंडांनी ऐकली होती. जुनी निमसरी धरणाखाली गेली, तेव्हा तिचा घाटही गेला. पाण्याच्या मधोमध कावळा कुठून येणार? म्हणून इथल्या भोयांनी पिंडाला शिवायचं काम माशांवर सोपवलं होतं. बुडालेल्या घाटाच्या वर होडी न्यायची, पत्रावळीवर पिंड ठेवून पाण्यात सोडायचा. मासा शिवला की मेलेलं माणूस तृप्त झालं. नाही शिवला तर त्याची कसली तरी इच्छा राहिली आहे असं धरायचं, आणि घरच्यांनी एकेक वचन मोठ्याने बोलून बघायचं. ज्या वचनाला मासा येईल, ते वचन त्याला हवं होतं. मग ते मोडायची कुणाची छाती नसे.

पण अलीकडे मच्छरदाणीसारखी बारीक जाळी टाकून लोकांनी माशांची पिल्लंसुद्धा उपसली होती. पाण्यात मासाच राहिला नव्हता, तर शिवणार कोण? नवनाथचा पिंड उन्हं कलेपर्यंत तसाच तरंगत राहिला. शेवटी, कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करतात, तसा कणकेचा मासा करून तो पिंडाला लावला आणि मंडळी घरी आली. इठाआईने मात्र ते शिवणं मानलंच नाही. वर्षभर ती अर्धी भाकरी खात होती आणि भाताला हात लावत नव्हती.

"पिंजऱ्यात मासा हायच," आप्पा म्हणाले. "पर त्यो हाकंला यायचा न्हाय, घर्र झालं की येतुया. तवा म्या बोलीन आन खाकरीन. खाकरलो की दाबा."

"ही फसवणूक नाही का, आप्पा?"

"मग दर्भाचा कावळा काय असतुया? म्हातारीच्या घशाखाली घास उतरंना, मॅडम. उतरू द्या की."

मी हो म्हणाले. कोणतं वचन बोलणार, हे विचारायचं मला सुचलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खरं तर मला त्या घरात बोलायचं होतं ते वेगळंच. नवनाथची बायको मंदा माझ्या हाताखाली पिंजऱ्यांवर काम करायची. हाताखाली म्हणायचं आपलं, पिंजऱ्याचं जाळं फाटलं तर ते शिवायची तीच, मेलेले मासे वेचायची तीच, आणि यंत्र रुसलं तर डब्याला थापट्या मारून, खालचं काळं बटण दाबून ते सुरू करायचीही तीच. नवरा ज्या पाण्याने नेला त्याच पाण्यावर ही रोज जाते, म्हणून बायका नाकं मुरडत. वर्षश्राद्ध झालं की तिचा भाऊ दौंडहून येऊन तिला घेऊन जाणार, असं ठरलं होतं.

"म्या जाऊन काय करू तितं?" ती मला म्हणाली होती. "भावाच्या म्हशी धुवू? हितं मला चार गोष्टी कळाया लागल्यात, मॅडम."

"मग सासूबाईंना सांग ना."

"आत्याबाई बोलतच न्हाईत. मामंजी म्हनत्यात, त्यांचीच विच्छा हाय. पान्यानं योक न्हेला, दुसरी नगं."

मी एकदा इठाआईसमोर विषय काढायला गेले. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी तिच्या कोंबड्यांची चौकशी करून परत आले.

वर्षश्राद्धाच्या सकाळी आभाळ भरलेलं होतं, वारा पडला होता. मंदाचा भाऊ काठावर जीप घेऊन थांबला होता, आणि जीपमध्ये मंदाची ट्रंक आधीच चढवलेली होती. आम्ही होडीत बसलो. आप्पा, इठाआई, धाकटा अंकुश, मंदा आणि मी. मंदाची लेक पिंकी शेजारणीच्या कडेवर बसून काठावरून हात हलवत होती.

यंत्राच्या पिंजऱ्याशी होडी लावून आम्ही फळ्यांवर चढलो. फळ्या हलायला लागल्या, तशी इठाआईने डब्याच्या खांबाला मिठी मारली आणि तिथेच फतकल मारून बसली. मी फोन पदराखाली धरला. रेंजची एक काडी येत होती, जात होती.

आप्पांनी पत्रावळ पाण्यात सोडली. भाताचे पिंड, वर तीळ. फळ्या हादरल्यामुळे मासे खोल गेले होते, एक शेपूटही दिसत नव्हतं. मी त्यांना सकाळचं खाद्य दिलं नव्हतं, म्हणजे भूक होती. पण भूक असून उपयोग नव्हता, त्यांना घर्र हवी होती.

"बोल रं," आप्पा अंकुशला म्हणाले.

अंकुशने हात जोडले. "दादा, तुजी होडी इकनार न्हाई."

पाणी हललं नाही.

"दादा, पिंकीला शिकवतो. लई शिकवतो. म्हनशील तितकं शिकवतो."

पत्रावळ जरा गिरकी घेऊन जाळ्याला लागली. अंकुशचा चेहरा रडवेला झाला. "त्यानं माज्याकडं मोटारसायकल मागितली हुती योकदा," तो पुटपुटला. "ती बी देतो म्हनू का?"

"आता मोटारसायकल कशाला लागतीया त्येला!" आप्पा करवादले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुढे झाले, आणि ठरवून ठेवलेलं बोलले.

"नवनाथा, तुज्या बायकूला आज मानापानानं तिच्या भावाकडं धाडतो. पिंकी आमच्यापाशी ऱ्हाईल, आमी तिला वाढवतो. तू बायकूचा घोर करू नगंस. मोकळा व्हय."

आणि ते खाकरले.

मंदा जाणार एवढं मला माहीत होतं, पण पिंकी इथे राहणार हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी मंदाकडे बघितलं. तिलाही ते नवीन होतं, कारण तिने हातातला तांब्या खाली ठेवला तो कलंडला आणि तिला कळलंही नाही. आता मासे वर आले की संपलं. नवनाथनेच सांगितलं म्हटल्यावर कोण काय बोलणार? आणि नाही आले तर इठाआई आणखी वर्षभर अर्ध्या भाकरीवर. ती खांबाला धरून, डोळे मिटून बसली होती. गालाची हाडं वर आली होती. तिच्यासाठी म्हणून मी हो म्हटलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

आप्पा पुन्हा खाकरले. या वेळी जरा जोरात, आणि माझ्याकडे रोखून बघत.

मी बटण दाबलं.

का दाबलं, याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नसतं. शब्द दिला होता म्हणून, म्हातारी दिसत होती म्हणून, खाकरणं ऐकून अंगठा आपोआप गेला म्हणून. फोनच्या पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. मोटर गप्प होती, मासे गप्प होते. रेंजची ती एकुलती एक काडीही दिसेनाशी झाली. आप्पांनी तिसऱ्यांदा खाकरून बघितलं, तेव्हा अंकुशने त्यांना पाणी विचारलं.

इतक्यात मंदा पुढे आली. विधवा बाईने अशा वेळी बोलायची रीत नव्हती. ती पिंजऱ्याच्या काठाशी उकिडवी बसली आणि घरात नवऱ्याशी बोलावं तशी पाण्याशी बोलायला लागली.

"अवं, आयकलं का? म्या कुटं बी जानार न्हाई. पिंकीला सोडून न्हाई आन ह्ये पानी सोडून बी न्हाई. तुमीच म्हनला हुता, बारीक जाळी जाळून टाकू आन पिंजरं टाकू. माशाला वाढवू आन मग खाऊ. त्ये म्या करनार. तुमास्नी पटत नसंल तर नगा खाऊ पिंड, पर म्या करनार."

"मंदे!" आप्पा ओरडले.

आणि पाणी फुटलं. पिंजराभर मासे एकदम वर आले, एकमेकांच्या अंगावरून उसळत, शेपट्या आपटत. पत्रावळ उलटीपालटी झाली, पिंड दिसेनासे झाले, आमच्या तोंडावर पाणी उडालं. अंकुश "दादा आला! दादा आला!" म्हणून नाचायला लागला, तशा फळ्या हेलकावू लागल्या. इठाआईने असा टाहो फोडला की काठावरची माणसं धावत पाण्यापर्यंत आली.

मोटर वाजली का? मला सांगता येत नाही. त्या गलक्यात ढोल वाजला असता तरी कळलं नसतं. पाण्यावर बारीक काळपट कण तरंगत होते, ते खाद्याचे दाणे होते की पिंडावरचे तीळ, हे बघेबघेतो मासे ते गिळून गेले. मी फोनकडे बघितलं, तर पाणी उडून पडदा काळा झालेला. पहिल्या पिढीचं ते यंत्र, कधी चाललं आणि कुणाच्या हुकमाने चाललं याची नोंद त्यात राहत नसे. मी खाली बसले.

इठाआईने पदराने तोंड पुसलं आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली.

"त्या जीपवाल्याला म्हनावं, जेवून माघारी जा. आन मंदीची ट्रंक उतरून घ्या."

आप्पा काहीतरी बोलायला गेले, पण त्यांच्यासमोर उलटी पत्रावळ तरंगत होती. मासा शिवला होता. परतताना होडीत त्यांनी मला हळूच विचारलं, "तुमी दाबलं कवा?"

"तुम्ही खाकरलात तेव्हा."

"मग आलं कवा?"

"मंदा बोलल्यावर."

त्यांनी वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवलं. होडी जागच्या जागी फिरली. "म्हंजी ह्ये झालं काय?" ते म्हणाले. मला विचारत होते की स्वतःला, कोण जाणे. नंतर चार-पाच वर्षांनी ते गेले, तोवर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. त्या दुपारी इठाआईने मात्र भात मागून घेतला आणि दोनदा घेतला. मंदाने वाढला.

माझी पुढे बदली झाली. निमसरीचं कानावर येत राहिलं. मंदाने बायकांचा गट केला, बारीक जाळी गावाने बंद केली, पिंजरे वाढले. परवा एका कामासाठी त्या बाजूला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून तिथे गेले. काठावर आता पत्र्याची खोली आहे, तिच्यात पडद्यावर पाण्याखालचे मासे दिसतात. पाण्यात कॅमेरा आहे. मासे भुकेले आहेत की नाहीत हे यंत्रच बघतं आणि खाद्य देतं. सूर्याच्या उजेडावर चालतं. मंदा मला हे सगळं दाखवत होती आणि मी अडाण्यासारखी माना डोलावत होते. बोलता बोलता एका पोरीला ती ओरडली, "अगं, यंत्रावर इसंबून बसू नगंस, पान्याचा वास घे!" आणि तरातरा निघून गेली.

इठाआई खोलीच्या सावलीत बसली होती. फार वाकलीय. मी शेजारी बसले, तशी तिने माझा हात हातात धरला.

"मॅडम, योक इचारायचं हुतं तुमास्नी. म्या मरायच्या आदी."

"विचारा की."

"आप्पांनी तुमास्नी बटन दाबाया सांगितलं हुतं. म्या होडीच्या पल्याड हुते. समदं आयकलं हुतं."

ती हसली.

"मंदीला धाडा आसं म्या कवाच म्हनलं न्हवतं. माजं नाव घालून आप्पाच बोलायचं. म्या बोलत नव्हते न्हवं, मग काय, म्हातारीची विच्छा म्हनायचं आन आपलं करायचं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले आसते तर आयकलं कुनी आसतं? बाईचं बोलनं ते. मेलेल्या ल्येकाचं आयकत्यात, जित्या आयचं कुनी आयकत न्हाय. म्हनून म्या त्या डब्यापाशी जाऊन बसले."

"डब्यापाशी?"

"खाली काळं बटन हुतं. मंदीला दाबताना म्या बगितलं हुतं. म्हनलं, मंदी काय तरी बोलंलच. ती बोलली की दाबायचं. म्हंजी नवनाथच बोलला आसं हुईल."

त्या फळीवर मला फक्त एक उपाशी म्हातारी दिसली होती.

"म्हणजे मासे तुम्ही आणलेत?"

"त्येच तर सांगतीया," ती म्हणाली. "मंदी बोलली. म्या बोट न्हेलं बटनावर. पर दाबायच्या आदीच मासं वर आलं. म्या दाबलंच न्हाई, मॅडम. इतकी वर्सं त्योच इचार करतीया. म्या दाबलं न्हाई, मग आलं कसं?"

माझ्या डोळ्यांपुढे ते फिरणारं चक्र आलं. तो हुकूम मधेच कुठेतरी अडकून, रेंज आल्यावर उशिरा पोचला असेल, तर मासे माझ्या बटणाने आले. आणि मी ते दाबलं होतं आप्पांच्या वचनाला. मंदाला घालवायच्या, पिंकीला तिच्यापासून तोडायच्या वचनाला. तसं असेल तर नवनाथचं काही नाही, मंदाचं काही नाही, सगळं एका अर्ध्या काडीच्या रेंजवर उभं होतं. आणि नसेल पोचला, तर काय, ते मला ठाऊक नाही.

"त्ये मासं तुमच्या फोनामुळं आलं नव्हतं ना?" इठाआईने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"आन घ्या."

"कुणाची?"

"ह्या पान्याची."

मी उठले, काठाशी गेले, ओणवी होऊन पाण्यात हात बुडवला. "आण घेतली, इठाआई. माझ्या फोनामुळे नाही."

ती आण खरी होती की खोटी, ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही.

"मग आलाच हुता म्हना की माजा," इठाआई म्हणाली. तिने पदर डोळ्यांना लावला आणि लहान पोरीसारखी मुसमुसून रडायला लागली. मीही तिच्याजवळ बसून रडले. मंदा लगबगीने बाहेर आली आणि आम्हा दोघींना काय झालं म्हणून विचारत राहिली.